पडद्यावर आपले घर का दिसत नाही?

वाचकांचे प्रश्न : चित्रपट

बडोद्यात नुकत्याच झालेल्या चित्रपट महोत्सवात कुटुंब, ओळख आणि वारसा या विषयांसाठी एक स्वतंत्र विभाग ठेवला होता. त्यातले चित्रपट पाहून अनेक वाचकांनी आम्हांला पत्रे लिहिली. ज्या पत्रांतील प्रश्न इतरांच्याही मनात असतील असे वाटले, ती येथे घेतली आहेत. पत्रे बरीच मोठी असल्याने त्यांचा आशय तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमचे पूर्वज गायकवाडीत कारकुनीसाठी साताऱ्याकडून आले आणि तेव्हापासून आम्ही येथेच आहोत. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी असा आमचा व्यवहार आहे. महोत्सवातील मराठी चित्रपटांत कोकण दिसले, देशावरची गावे दिसली, मुंबई-पुणे दिसले. आमच्यासारखे घर मात्र कोठेच दिसले नाही. आम्ही मराठी असून मराठी चित्रपटाच्या खिजगणतीत का नाही? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आपली खंत रास्त आहे. तिच्यामागे दोन कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत, असे मला वाटते.

पहिले कारण व्यवहाराचे आहे. मराठी चित्रपटाचा पैसा, तंत्रज्ञ, कलावंत आणि बहुतेक प्रेक्षक महाराष्ट्रात आहेत, आणि मराठी चित्रपटांना मिळणारे शासकीय अनुदानही मुख्यतः महाराष्ट्राचे आहे. गुजरात शासनाचे चित्रपट-अनुदान मुख्यतः गुजराती चित्रपटांसाठी आहे. बडोद्यात, इंदुरात किंवा ग्वाल्हेरीत मराठी चित्रपट लागला, तर बहुधा सुट्टीच्या दिवशीच्या एखाद्या खेळापुरता लागतो. ज्या प्रेक्षकाकडून तिकिटाचे पैसे येण्याची आशा असते त्याचेच घर निर्माता दाखवतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते पैशाने सुटणारे नाही. बडोद्याचा मराठी माणूस लिहायला घेतला की लेखकाच्या डोळ्यांपुढे लक्ष्मी विलास राजवाडा उभा राहतो, मग दरबार येतो, हत्ती येतात, पैठण्या येतात, आणि या सगळ्या थाटात ज्यांनी ते राज्य प्रत्यक्ष चालवले त्या कारकुनांची, शिक्षकांची, ग्रंथपालांची, गवयांची आणि वैद्यांची घरे बाहेरच राहतात. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1910 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी सुरू झाली आणि पुढे गावोगाव वाचनालये निघाली. याच ग्रंथालय खात्याची एक शाखा खेड्यांत जाऊन लोकांना जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चलत्चित्रे फुकट दाखवीत असे, ही गोष्ट बडोद्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्यापर्यंत चित्राच्या वाटेने ज्ञान पोहोचवावे, हा त्यामागचा विचार होता. यंत्राच्या पेट्या बैलगाडीत घालून गावोगाव हिंडणारा एक नोकरदार, महिन्यातले कित्येक दिवस त्याच्याविना चालणारे त्याचे घर, त्याला कधीच न दिसलेले मुलाचे पहिले पाऊल आणि गुजराती गावकऱ्यांशी त्याचे जुळलेले सूत एवढ्यावर एक उत्तम चित्रपट होऊ शकतो, आणि त्यात राजवाड्याची एक कमानसुद्धा दाखवण्याची गरज पडणार नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण चित्रपटाच्या खिजगणतीत नाही असे आपण लिहिता. पण चित्रपट या देशात ज्या वाटेने आला, ती वाट आपल्या शहरातून गेलेली आहे. धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब, फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाची गोडी त्यांना येथे लागली आणि पुढे काही काळ त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या दरबारासाठी पुराणकथांवरील चित्रे रंगवली होती, आणि त्याच रविवर्म्यांच्या नावाच्या छापखान्यासाठी फाळक्यांनी नंतर काम केले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी खुला झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा तर अक्षरशः घरातून निघालेला चित्रपट होता. पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्म धुण्याच्या कामातही हात लावीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. भारतीय कथापट उभा राहिला तो एका कुटुंबाच्या खांद्यावर, आणि त्या कुटुंबाच्या प्रमुखाने आपली विद्या बडोद्यात घेतली, ही माहिती आपल्या मुलांना अवश्य द्यावी.

परमुलखात राहून आपल्या भाषेत घराची गोष्ट सांगता येते, याचे अलीकडचे एक चांगले उदाहरण ‘मिनारी’ (2020) हे आहे. कोरियातून अमेरिकेत गेलेले कुटुंब आर्कान्सामध्ये शेती करू पाहते आणि मुलांना सांभाळायला आजी येते, एवढीच त्याची कथा आहे. चित्रपट अमेरिकी आहे, पण त्यातील माणसे घरात कोरियन बोलतात आणि मुले मधूनच इंग्रजीत उत्तर देतात. दिग्दर्शकाने ही सरमिसळ जशी असते तशीच राहू दिली आहे. आजीची भूमिका करणाऱ्या युन यो-जंग यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. बडोद्याच्या मराठी घरावर चित्रपट निघालाच, तर त्यातील नातू आजीशी मराठीत, भाजीवाल्याशी गुजरातीत आणि मित्रांशी हिंदीत बोलला पाहिजे, आणि त्याबद्दल कोणत्याही पात्राने हळहळ व्यक्त करता कामा नये. तसे घर लाजण्यासारखे नाही आणि कीव करण्यासारखेही नाही.

असा चित्रपट मुंबईचा निर्माता काढील याची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो येथल्याच कोणीतरी लिहायला हवा.

प्रश्न : महोत्सवात ‘टोकियो स्टोरी’ हा जुना जपानी चित्रपट पाहायला आम्ही आईला घेऊन गेलो. मला आणि माझ्या पत्नीला तो फार संथ वाटला. काही घडतच नाही असे वाटत राहिले. आईला मात्र खालची अक्षरे नीट वाचता येत नसूनही तो मनापासून आवडला, आणि घरी आल्यावर ती बराच वेळ त्याबद्दल बोलत होती. असे का झाले असावे? – एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : आपल्या मातोश्रींनी चित्रपट बरोबर पाहिला. यासुजिरो ओझू यांच्या 1953 च्या या चित्रपटात घटना नाहीत असे नाही. त्या आपण ज्या ठिकाणी शोधतो तेथे नाहीत, इतकेच. ओनोमिची या गावचे वृद्ध आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. मोठा मुलगा डॉक्टर आहे, मुलगी केशरचनेचे दुकान चालवते. दोघांनाही वेळ नाही. ते दोघे म्हाताऱ्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात आणि ते पैसे खर्चून आपण कर्तव्य केले असे मानतात. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, म्हणजे ज्या सुनेवर आता कोणतेही बंधन उरलेले नाही ती, कामावरून रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखवते. पुढे आई जाते. तिच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातच मुलगी तिच्या कपड्यांपैकी आपल्याला काय हवे ते सांगून टाकते. कोणी आवाज चढवत नाही, कोणी कोणाला दोष देत नाही, आणि तरीही त्या एका मागणीत घराण्याचा वारसा कसा वाटला जातो ते सगळे आले आहे.

ओझूंचा कॅमेरा बहुतेक वेळा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. आपल्याकडे जमिनीवर बसून जेवण्याची, निवडण्या-टिपण्याची आणि गप्पा मारण्याची रीत ज्यांनी आयुष्यभर पाळली, त्यांना ही उंची ओळखीची वाटते. कोण आधी बसले, कोणाला विचारण्याआधी वाढले गेले, कोण उठून गेले आणि कोणी ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले, हे वाचण्याची सवय आपल्या मातोश्रींना आहे. खालच्या अक्षरांवाचून त्यांचे अडले नाही ते त्यामुळेच.

सत्यजित राय यांच्या ‘पाथेर पांचाली’तील (1955) इंदिर ठाकरुण ही दूरच्या नात्यातली म्हातारी अशीच पाहावी लागते. तिच्या अंगावरचे फाटके वस्त्र, घरातल्या दुर्गा या मुलीने तिच्यासाठी आणलेली चोरीची फळे आणि दुर्गाची आई सर्वजया हिचा तिच्यावरचा राग ही तिघींची तीन प्रकारची गरिबी आहे. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हा मार्ग सातत्याने धरला. त्यांच्या ‘अस्तु’मध्ये (2013) स्मृती गमावत चाललेले संस्कृतचे एक विद्वान हत्तीच्या मागे निघून जातात, आणि माहुताची बायको कोणतेही नाते विचारात न घेता त्यांना लेकरासारखे सांभाळते. ज्यांची सारी ओळख विद्वत्तेवर उभी होती त्यांच्यापाशी ती विद्वत्ता गेल्यावर काय उरते, हा प्रश्न त्यांच्या लेकीला पडतो. माहुताच्या बायकोला तो पडतच नाही. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांची कामे त्यासाठी पुन्हा पाहावीत.

एक सुचवतो. ‘टोकियो स्टोरी’ मातोश्रींबरोबर घरी पुन्हा पाहा, आणि त्या जेथे बोलू लागतील तेथे चित्रपट थांबवून त्यांचे ऐका.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या नातवाला महोत्सवात प्रवेश नाकारण्यात आला. चित्रपट तर कौटुंबिक होता! – एक वाचक, अलकापुरी

उत्तर : महोत्सवात दाखवले जाणारे अनेक चित्रपट परिनिरीक्षण मंडळाकडून (सेन्सॉर बोर्डाकडून) प्रमाणपत्र घेतलेले नसतात, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सवलतीवर ते केवळ नोंदणी केलेल्या प्रेक्षकांना दाखवले जातात. प्रमाणपत्रच नसल्यामुळे कोणता चित्रपट कोणत्या वयासाठी आहे हे ठरलेले नसते, आणि म्हणून बरेच महोत्सव सरसकट अठरा वर्षांची अट घालतात. विषय कौटुंबिक आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. नेहमीच्या चित्रपटगृहांत मात्र आता आपली सोय झाली आहे : 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांनी पाहायच्या चित्रपटांच्या, वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षांनुसार तीन भाग केले असून ते पालकांना मार्गदर्शक म्हणून दिलेले असतात. आयोजकांनी मुलांसाठी प्रमाणित चित्रपटांचा एक वेगळा खेळ ठेवावा, ही मागणी आपण लेखी करावी. ती रास्त आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकते. महोत्सवात मी ‘सबर बोंडं’ आणि ‘फँड्री’ हे दोन चित्रपट पाहिले आणि घरी त्यांबद्दल सांगितले. वडील म्हणाले की, वारसा या नावाखाली आपल्या समाजातील अशा गोष्टी चव्हाट्यावर आणणे योग्य नाही. वारसा म्हणजे ज्याचा अभिमान बाळगावा ते. मला त्यांना उत्तर देता आले नाही. आपण काय म्हणाल? – एक वाचक, प्रतापगंज

उत्तर : वडिलांचा मुद्दा तुम्ही प्रामाणिकपणे मांडलात हे मला आवडले, कारण तो अनेक सुजाण घरांत मांडला जातो आणि त्याला रागाने उत्तर देऊन चालत नाही.

आधी चित्रपटांकडे पाहू. रोहन कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडील वारल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक त्याच्या मागे लग्नाचा लकडा लावतात. त्याचा ओढा पुरुषांकडे आहे, हे त्याची आई जाणते. गावातल्या बालपणीच्या मित्राशी त्याचे जुने नाते पुन्हा जुळू लागते. दिग्दर्शकाने हे कथानक स्वतःच्या वडिलांच्या सुतकाच्या दिवसांतून घेतले आहे. या चित्रपटात परंपरेची टिंगल नाही, हे वडिलांना आवर्जून सांगा. सुतकाचे विधी, बसणे-उठणे, भेटायला येणारी माणसे हे सगळे इतक्या आदराने आणि बारकाईने टिपलेले क्वचितच पाहायला मिळते. परंपरेच्या चौकटीत राहून बाप गमावलेल्या एका मुलाला रडायला आणि जवळ घ्यायला कोण आहे, एवढेच चित्रपट विचारतो. माझ्या मते हा कुटुंबाच्या बाजूचा चित्रपट आहे, आणि आईच्या व्यक्तिरेखेमुळे तो अधिकच तसा होतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे (2013) प्रकरण वेगळे आहे. कैकाडी समाजातल्या जब्याला डुकरे पकडण्याचे जे काम वडिलांकडून मिळते, तोही वारसाच आहे. फक्त तो त्याने मागितलेला नाही आणि त्याच्या वडिलांनीही मागितला नव्हता. डुक्कर पकडण्याच्या धांदलीत शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ते सगळे कुटुंब जागच्या जागी थांबते. नंतर मारलेले डुक्कर काठीला बांधून ते शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे रंगवलेली असतात. ज्यांचा अभिमान आपण सगळे बाळगतो ती माणसे आणि ज्याबद्दल आपण बोलत नाही ते काम, ही दोन्ही एकाच चौकटीत आली आहेत. मराठी चित्रपटात वारशाबद्दल याहून नेमके काही दाखवले गेले आहे असे मला वाटत नाही.

आता वडिलांचा मुद्दा. बडोद्याचा वारसा सांगताना आपण अभिमानाने सांगतो की, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ते खरे आहे आणि अभिमानाचेच आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 मध्ये ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले, आणि ते कोण आहेत हे कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, ते बसून राहिले आणि शेवटी मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज त्या घटनेचे स्मारक शहरात आहे आणि लोक तेथे नमस्कार करायला जातात. शिष्यवृत्ती देणारे शहर आणि घर नाकारणारे शहर एकच होते. पहिली गोष्ट सांगायची आणि दुसरी झाकायची, तर पहिलीचेही मोल कमी होते, कारण ज्या समाजात त्या राजाने ते केले तो समाज कसा होता हेच मग कळत नाही.

वडिलांना हे दोन्ही चित्रपट दाखवण्याची घाई करू नका. आधी सयाजीबागेतील ती हकीकत त्यांना वाचायला द्या; बडोदेकर माणसाला ती दूरची वाटणार नाही. चित्रपटांविषयीचे बोलणे त्यानंतर सोपे जाईल.

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या वेळच्या फिल्मचे काही डबे सापडले. त्यांत लग्ने, मुंजी आणि गणपतीची मिरवणूक असावी, असे वडीलधारी सांगतात. एका डब्यातून आंबट वास येतो. जुना प्रोजेक्टरही आहे. तो लावून पाहावा का? – एक वाचक, बाबाजीपुरा

उत्तर : कृपा करून लावू नका. जुन्या प्रोजेक्टरचे दाते आकसलेल्या फिल्मच्या कडा फाडतात आणि दिव्याची उष्णता उरलेसुरले बिघडवते. एकदा फाटलेली चौकट परत मिळत नाही.

आंबट वास म्हणजे फिल्मची पट्टी ज्या असिटेट नावाच्या प्लास्टिकची असते ते कुजू लागले आहे. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मलाही तीच बाधा करते, म्हणून तो डबा आजच वेगळा ठेवा. घरगुती फिल्म बहुधा 16 किंवा 8 मिलिमीटरची असते. ही मापे अनुक्रमे 1923 आणि 1932 मध्ये बाजारात आली आणि सुपर आठ हा आठ मिलिमीटरचाच सुधारलेला प्रकार 1965 मध्ये आला. ही फिल्म जुन्या नायट्रेट फिल्मसारखी भडकत नाही, तेव्हा घरात ठेवायला भय नाही; पण दमट हवा तिला सोसत नाही. गंजके डबे काढून टाका, स्वच्छ प्लास्टिकच्या, अगदी हवाबंद नसलेल्या डब्यांत रिळे आडवी ठेवा आणि घरातील सर्वांत थंड व कोरड्या खोलीतल्या कपाटात ती हलवा. माळा उन्हाळ्यात तापतो, तळमजल्याला विश्वामित्री नदीच्या पुराचे भय असते. 2019 आणि 2024 च्या पुरांत बडोद्यातील किती घरांचे कागद आणि फोटो गेले हे आपणांस ठाऊक आहे. पुराच्या पाण्यात फिल्म भिजलीच, तर ती वाळू देऊ नका. वाळताना वेटोळी एकमेकांना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवलेल्या अवस्थेतच ती जाणकाराकडे न्यावी.

नंतरचे काम म्हणजे फिल्मची एकेक चौकट स्कॅन करून घेणे. पडद्यावर चालवून मोबाइलने टिपून देणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. काम देताना वेग विचारून घ्या, कारण साधी आठ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला साधारण 16 आणि सुपर आठ 18 चौकटींनी टिपलेली असते. आजच्या वेगाने ती दाखवली तर माणसे धावपळ करताना दिसतात आणि आजोबांची चाल ओळखू येत नाही. स्कॅन केलेल्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि मूळ फिल्म टाकून देऊ नका.

आणि यापेक्षाही निकडीचे एक काम आहे. चित्र वाचले आणि त्यातल्या माणसांची नावे हरवली, तर निम्मा ठेवा गेला. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तींना बसवून, चित्र थांबवत थांबवत, कोण कोणाचे कोण, कोणत्या आळीतली मिरवणूक, कोणाच्या दारातला मांडव हे विचारून लिहून ठेवा, आणि त्या वेळचे त्यांचे बोलणेही ध्वनिमुद्रित करा. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि आज त्यांतले तीसच्या आसपासच कमीअधिक प्रमाणात उरले आहेत. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, तेव्हा पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून रिळे गोळा केली. तोवर पुष्कळ काही भंगारात गेले होते. घरगुती फिल्मसाठी तर कोणीच हिंडत नाही. मिरवणुकीची फिल्म ही केवळ आपल्या घराची नाही. शहरातील जे रस्ते आणि दुकाने आता राहिली नाहीत तीही तिच्यात असतील. म्हणून स्कॅनची एक प्रत एखाद्या विश्वासाच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला देण्याचा विचार करावा.

प्रश्न : पुढच्या वर्षीच्या महोत्सवासाठी मला आजीवर लघुपट करायचा आहे. पण कॅमेरा पाहिला की ती गप्प होते, आणि मामा म्हणतात की वाड्याच्या वाटणीचा विषय त्यात येता कामा नये. शिवाय आजीच्या आवडीची नाट्यगीते मला त्यात घालायची आहेत. – एक वाचक, रावपुरा

उत्तर : आजींना ‘आपल्या वारशाबद्दल सांग’ असे विचाराल तर त्या गप्पच होतील, त्यांनी त्या नावाने काही सांभाळलेले नाही. त्या ज्या कामात रमतात ते काम चालू असताना बसा, मग ते पुरणाचे वाटण असो, वाती वळणे असो की जुन्या पातळाची गोधडी असो. हात कामात असले की माणूस मोकळे बोलतो. पहिले काही दिवस फक्त आवाज टिपा. मोबाइल ओट्यावर ठेवला तर भांड्यांचाच आवाज येतो, म्हणून एक छोटा कॉलरचा माइक घ्या. पंखा बंद ठेवा आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका.

वाटणीबाबत मामांचे म्हणणे अर्धे मान्य करावे. ज्या गोष्टीचा दावा चालू आहे किंवा ज्यात हयात माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे, ती त्याच्या संमतीशिवाय पडद्यावर आणणे योग्य नाही. परंतु वाड्याच्या वाटणीनंतर आजींच्या वाट्याला कोणती खोली आली आणि तुळशीवृंदावन कोणाच्या हद्दीत गेले, हे त्यांना सांगावेसे वाटत असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. भावे आणि सुकथनकर यांच्या ‘वास्तुपुरुष’मध्ये (2002) एका जुन्या जमीनदार घराण्याचा वाडा आणि त्यातील माणसांची बदलत्या काळाशी झटापट आली आहे, तो पाहा. तयार झालेला लघुपट सर्वांत आधी आजींना दाखवा, आणि त्या नको म्हणतील तो भाग काढून टाका. महोत्सवाची तारीख हुकली तरी चालेल.

तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे पार्श्वभूमीला घेण्याचा मोह होईल. तो वाडा पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असल्याने तेथे चित्रीकरणासाठी आधी लेखी परवानगी लागते; अर्ज बराच आधी करावा. आणि आजींचा त्या वाड्याशी काही संबंध नसेल, तर तो घेऊच नये.

नाट्यगीतांचे हक्क दोन ठिकाणी असतात. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षे राहतो. पद जुने आणि मुक्त असले तरी नंतरच्या गायकाची ध्वनिमुद्रिका मुक्त असेलच असे नाही. यावर सोपा उपाय असा की, आजींना ते पद स्वतःच्या आवाजात म्हणू द्यावे. पद हक्कमुक्त आहे एवढी खात्री केली की परवानगी फक्त त्यांचीच लागेल. खालची अक्षरे इंग्रजीबरोबर गुजरातीतही द्या. तुमच्या लघुपटाचे पहिले प्रेक्षक बडोद्यातले आहेत, आणि त्यांतील पुष्कळांनी आजींच्या दाराशेजारी आयुष्य काढले असेल.